टॅब दाबला आणि टॅब बदलला, ह्यात फरक आहे

आयफोन ॲप करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, युजरने खालचा कुठला टॅब दाबला हे कळायला व्ह्यूविलअपिअर हे फंक्शन वापरू नका. रिव्ह्यूला येणाऱ्या कोडमध्ये हे सारखं दिसतं आणि दरवेळी तेवढाच त्रास होतो.

व्ह्यूविलअपिअर स्क्रीन दिसायच्या आधी चालतं, मग ती कशामुळे का दिसेना. ऑर्डर्स टॅबमधून एका ऑर्डरच्या आत गेलात आणि बॅक आलात, की हे फंक्शन चाललं. फुल स्क्रीन लॉगिन उघडून बंद केलं, चाललं. बॅकसाठी अर्धवट स्वाइप करून बोट मागे घेतलंत, कुठेही गेला नाहीत, तरी खालच्या स्क्रीनचं चाललंच. मग ॲनालिटिक्समध्ये ऑर्डर्स टॅबचे आकडे फुगतात आणि प्रॉडक्टवाले त्या आकड्यांवर पुढचं प्लॅनिंग करतात! आणि युजर ऑर्डर्सवर असतानाच त्याने ऑर्डर्स परत दाबला तर ह्याला पत्ताच नसतो.

यूआयटॅबबारकंट्रोलरला (खालचे टॅब सांभाळणारा ॲपलचा तयार भाग) डेलिगेट, म्हणजे काय घडतंय ते ज्याला कळवलं जातं तो आपला ऑब्जेक्ट, दिलाय तो ह्याच कामासाठी. त्यातलं शुडसिलेक्ट टॅब बदलायच्या आधी येतं, तिथे फॉल्स दिलं की टॅब बदलत नाही, आणि डिडसिलेक्ट निवड झाल्यावर येतं. (कंट्रोलरच्या आतल्या टॅबबारचा डेलिगेट बदलायला जाऊ नका, ॲप क्रॅश होतं.) नोटिफिकेशनवरून आलेल्या युजरसाठी आपण कोडमधून सिलेक्टेडइंडेक्स (निवडलेल्या टॅबचा नंबर) बदलला तर ह्यातलं काहीच येत नाही. बरेच जण ह्याला बग म्हणतात, मला उलट हे अगदी बरोबर वाटतं, कारण युजरने स्वतः दाबलेलं आणि आपण कोडमधून केलेलं एकाच खात्यात टाकून कसं चालेल?

तोच टॅब पुन्हा दाबलाय का हे शुडसिलेक्टमध्येच तपासा. तेव्हा सिलेक्टेडव्ह्यूकंट्रोलर (निवडलेल्या टॅबची स्क्रीन) अजून जुनाच असतो, नवीन आलेला तोच निघाला की समजायचं माणसाला वर जायचंय. टॅबमध्ये नॅव्हिगेशन कंट्रोलर (एकातून दुसरी स्क्रीन उघडणारा आणि बॅक आणणारा) असेल तर पहिल्या स्क्रीनवर तो आपोआप आणतो, पण लिस्ट वर स्क्रोल करायचं काम आपलं, आणि तेच लोक गाळतात. स्टेटस बारवर टॅप करूनही लिस्ट वर जाते हो, पण मोठा फोन एका हातात धरलेल्या माणसाचा अंगठा तिथे पोचतो का? टॅब बार अंगठ्याखालीच असतो.

स्विफ्टयूआय ह्या ॲपलच्या स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीत टॅबव्ह्यूच्या सिलेक्शनवर ऑनचेंज (व्हॅल्यू बदलली की चालणारा कोड) लावून मोकळे होतात सगळे. तोच टॅब परत दाबल्यावर व्हॅल्यू बदललीच नाही तर ते चालणार कसं? स्वतःचं बाइंडिंग (व्हॅल्यू वाचायचा आणि लिहायचा दुवा) लिहा, त्याच्या सेटमध्ये पुन्हा दाबलेलंही कळतं. अँड्रॉइडच्या बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यूमध्ये तर आयटम सिलेक्टेड आणि आयटम रिसिलेक्टेड असे दोन वेगळे लिसनरच (दाबल्याची खबर घेणारे) आहेत, असं ॲपलनेही द्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आणि शुडसिलेक्टमधून फॉल्स देताना दहादा विचार करा. लॉगिन नाही म्हणून प्रोफाइल टॅब दाबल्यावर काहीच होत नाही अशी ॲप्स मी बघितली आहेत, म्हातारी माणसं तीन तीनदा दाबत बसतात, त्यांना वाटतं फोन बिघडला. टॅबमधला मजकूर दाखवता येत नसला तरी टॅब बंद करू नका, आत येऊ द्या आणि का दिसत नाही ते सांगा, हे ॲपलच्या डिझाइन गाइडलाइनमध्येही आहे. प्रोफाइल उघडू द्या आणि तिथेच लॉगिनचं बटण द्या.