रात्रीचे तीन म्हणजे नऊ

आमच्या शाळेत वेळ घड्याळावर नसायची, झाडावर असायची. बाभळीला ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली आणि ती बडवायला आमच्यातलाच एक टाइमकीपर. केनियात, नाकुरूजवळ. विषुववृत्ताच्या जरा खाली, पण १,८०० मीटरहून उंच, त्यामुळे जुलैत दात वाजायचे. बाबा किसुमूकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. कोल्हापूर सुटलं, ऊस काही सुटला नाही. मला मात्र पत्र्याच्या पेटीसकट बोर्डिंगात टाकलं. त्या पेटीला तिकडच्या स्वाहिली भाषेत सांदुकू म्हणतात हे ऐकून आजी म्हणाली होती, "म्हणजे आपलीच संदूक की रे!"

शाळेत माझं नाव म्हिंदी. म्हिंदी म्हणजे हिंदुस्तानी आणि महिंदी म्हणजे मका. आठवडाभर मका-घेवड्याची गिदेरी खाल्ल्यावर आपण दोघांपैकी नक्की कोण, हे मलाही कळेनासं व्हायचं.

तर तीस वर्षांनी आम्हा एकतीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. ॲडमिन अर्थातच टाइमकीपर. कुणाचा गुडघा बदलला की उरलेले तीस जण 'पोले साना' लिहितात, म्हणजे फार वाईट वाटलं. बायकोने रोमन लिपीतलं ते वाचून विचारलं, "अहो, इतके पुरुष पोळ्या कुणाकडे मागतायत?"

मध्येच हरांबे निघाला. हा केनियाचा राष्ट्रीय छंद : सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची. डॉर्मिटरीच्या छताला पत्रे हवे होते. नैरोबीवाले मोबाइलवरून पैसे पाठवायच्या एम-पेसावरून दोन मिनिटांत मोकळे झाले. मी पुण्यात बँकेत, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म घेऊन. खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "पैसे कशासाठी पाठवताय?"

"पत्रे."

"ती पोस्टाने जातात ना?"

पण खरा घोळ झाला तो व्हिडिओ कॉलचा. नैरोबी, लंडन, टोरांटो, पर्थ आणि सिंहगड रोड यांना एका वेळी जागं ठेवणं म्हणजे पंचांग करणाऱ्याचं काम. बारा दिवस वाद चालला. शेवटी टाइमकीपरचा हुकूम आला : शनिवार, 'सा तातू उसिकू'. तातू म्हणजे तीन, उसिकू म्हणजे रात्र. नैरोबीत रात्रीचे तीन, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, टोरांटोत आदल्या संध्याकाळचे आठ. म्हटलं, कॅनडावाल्यांची सोय बघितलेली दिसते.

रविवारी पहाटे पाचला उठून दाढी केली, टाय लावला. स्क्रीनवर मी एकटा. पावणेसहापर्यंत स्वतःकडेच हसऱ्या चेहऱ्याने बघत बसलो. मग ग्रुप उघडला. त्यात आदल्या रात्रीचे चौतीस मेसेज : 'म्हिंदी कुठाय?'

स्वाहिली घड्याळ मी साफ विसरलो होतो. तिकडचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. रात्रही तशीच संध्याकाळी सहापासून मोजायची, म्हणून तिचा तिसरा तास नऊचा. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजायचे म्हणा. पण लग्नाची पत्रिका सोडली तर घटका विचारतो कोण? म्हणजे सगळे भेटले तेव्हा इकडे साडेअकरा वाजले होते आणि मी, पहाटे लवकर उठायचंय म्हणून, साडेनवालाच झोपलो होतो.

पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक बसली, खास माझ्यासाठी. साडेअकराला मी हजर. सगळ्यांची पोटं सुटलेली आणि केस गेलेले, पण आवाज तेच. लंडनवाल्याने गिदेरीतल्या खड्यांची आठवण काढली. पर्थवाला रात्री दोन वाजता हसत होता. त्या पहाटेच्या टायची कथा मी रंगात येऊन सांगायला लागलो. टायची गाठ सोडण्यापर्यंत आलो, तेवढ्यात नैरोबीत दहा वाजले आणि टाइमकीपरने पातेलं उचलून पळीने ठण्ण ठण्ण बडवलं. लाइट्स आउट!

आणि पन्नाशीची ती सगळी माणसं, त्यात एक न्यूरोसर्जनसुद्धा, चिडीचूप एकेक करून मावळली. माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

आतून आवाज आला, "अहो, साडेबाराला पातेली कोण घासतंय?"