ठाण्यापासून दोन स्टेशनं

"बाबा, तुम्हाला केवलमूल्य येतं?" नववीतल्या लेकीने विचारलं. पोळ्या लाटणारी तिची आई कान टवकारून होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

वही पुढ्यात आली. |क्ष − ५| = २. मी तोंडी ७ ठोकून दिलं.

"आणि?"

"आणि काय? सुटलं की!"

"३ राहिले ना!"

केवलमूल्याच्या या उभ्या रेघा वायरस्ट्रास नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८४१ साली वापरल्या. आत ऋण संख्या गेली की बाहेर येताना धन होऊन येते. (आमच्या बँक खात्याला अशा रेघा का नाहीत, कोण जाणे.) लेक म्हणाली, "हे अंतर आहे, बाबा. पाचापासून दोन घरं. पुढे किंवा मागे."

आणि मला माझी जुनी जखम आठवली. माझ्याकडे मोबाईल नव्हता तेव्हाची गोष्ट. मित्राची वास्तुशांत होती. पत्ता सांगितला, "ठाण्यापासून स्लो गाडीने दोन स्टेशनं." मी कळवा मागे टाकून मुंब्र्याला उतरलो, पुलाचा जिना चढलो, उतरलो आणि हातात भेटवस्तूचं घड्याळ घेऊन तासभर सोसायटी शोधत फिरलो. घर उलट दिशेला, नाहूरला होतं. मुलुंड, नाहूर, तीही दोनच स्टेशनं! पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठली होती आणि श्रीखंडाच्या पातेल्यात पाणी घातलं होतं.

"उजवीकडे −२ असतं तर?" लेकीने विचारलं.

"वजा दोन स्टेशनांवर कोण राहणार? उकल नाही!"

"वा, बाबा!"

झालं, मला चेव आला. पुढचं गणित: |क्ष − ३| = २क्ष. आता फसणार नव्हतो. एकदा क्ष − ३ = २क्ष घेतलं, −३ आलं. एकदा क्ष − ३ = −२क्ष घेतलं, १ आलं. दोन्ही उत्तरांखाली दुहेरी रेघा मारल्या.

लेकीने शांतपणे पडताळा घेतला. "एकाचं जमतंय. पण −३ घातल्यावर डावीकडे ६ आणि उजवीकडे −६ येतात." तिने माझ्या −३ वर काट मारली.

"अगं, पण माझी एक तरी पायरी चुकली का?"

"मुंब्र्याच्या जिन्यावर तरी कुठे चुकली होती?" तव्यावरची पोळी उलटत तिची आई म्हणाली.