हवेत सोडणारा डबा

शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, माझी अक्कल निघाली. काढणारा दुकानदारही नव्हता, याचा राग जास्त आहे.

पामटॉपसाठी, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, वायफायचं कार्ड हवं होतं. २००४ साल होतं, एवढी हौस माणसाला असणारच. कार्डं दोन जातींची: काड्यापेटीएवढं कॉम्पॅक्टफ्लॅश आणि टपालाच्या तिकिटासारखं एसडी. माझ्याकडे खाचा दोन्ही, पण वायफायला नुसतं एसडी पुरत नाही, एसडीआयओ लागतं, म्हणजे साठवणुकीपलीकडचंही काम करणारी खाच. खाच दिसायला तीच, कार्ड मुकाट आत जातं आणि मुकाट पडून राहतं. हे ज्याने ठरवलं त्याला भर उन्हात ग्रँट रोड स्टेशनपासून चालवत आणला पाहिजे.

"सब में चलता है," शेठ म्हणाला. चाललं नाही.

"दाबा जरा," शेजारून आवाज आला. शाईचं कार्ट्रिज भरून घ्यायला आलेले एक काका. "आमच्या मिक्सरचं भांडंही आधी बसत नव्हतं."

मी लक्ष दिलं नाही.

"वायर नाही, मग येतं कुठून?"

"हवेतून. सेकंदाला ११ मेगाबिट."

"आणि घरी इंटरनेट कुठलं?"

"डायल-अप," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. "फोनच्या वायरवरून, सेकंदाला ५६ किलोबिट."

काकांनी बोटं मोजली. "म्हणजे पाइप चार इंची आणि टाकीत पाणी तांब्याभर! बरं, घरी तो हवेत सोडणारा डबा आहे?"

डबा नव्हता. सिरिंजने शाई भरणारा पोऱ्यासुद्धा हात थांबवून माझ्याकडे बघत होता. निव्वळ ईर्ष्येने मी चार हजार मोजून कॉम्पॅक्टफ्लॅश घेतलं.

त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, सीडीवर. पामटॉपला सीडी कुठून घालायची? सोमवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून चढवला आणि संध्याकाळी कोणाचं तरी नेटवर्क सापडेल म्हणून सोसायटीचे चारही मजले हिंडलो. एकही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र "गॅसचं रीडिंग का?" म्हणून दार उघडलं.

तासाभरात कार्डाने बॅटरी पिऊन टाकली. चार्जर ऑफिसात, आणि मंगळवारी रागाने मी पामटॉप घरीच टाकून गेलो. बुधवारी चार्जरला लावला तर पठ्ठ्या नुकता जन्मल्यासारखा: पडद्याच्या मधोमध फुली, 'इथे टेकवा'. वीज संपली की याची स्मरणशक्तीही संपते. सगळे फोन नंबर गेले. बॅकअप? घेणार होतो.

काकांचाही गेला. "डबा घेतलात की कळवा हं," म्हणून त्यांनी निघताना दिला होता, आणि मी तो त्यांच्यासमोरच, स्टायलसने, ऐटीत लिहून घेतला होता.