पोराला पाठवू नका, तुम्हीच या

सकाळी सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. ट्रॅक्टर रेस घेत नाही, डॅशवर पिवळा दिवा लागलाय. म्हटलं, माझ्या हाताखाली शिकणारा पोरगा स्कॅनर-मीटर घेऊन निघतोच आता. तर तिकडून लगेच, "नको नको, पोराला पाठवू नका. तुम्हीच या. एवढं महागाचं मशीन त्याच्या हातात द्यायचं म्हणजे छातीत धस्स होतं." बरं म्हणून फोन ठेवला, पण तेव्हापासून डोकं जे सणकलंय ते उतरायला तयार नाही.

फोन स्पीकरवर होता आणि पोरगा शेजारीच उभा होता. एक शब्द बोलला नाही. भरलेली बॅग परत खुंटीला अडकवली आणि एअर फिल्टर झाडायला मागे निघून गेला.

हीच माणसं ऐन कापणीत मला फोन करून रडतात, "हल्ली चांगले मेकॅनिकच राहिले नाहीत हो." अहो, राहतील कुठून? तुम्ही कुणाला हात लावू देणार नाही, आणि वर हात बसला नाही म्हणून नावं ठेवणार. काठावर उभं करून पोहायला शिकवा म्हणता! माझ्या वयाचे जे चार बरे मिस्त्री उरलेत ते गुडघे धरून मशीनवर चढतात. आम्ही थांबलो की मग कुणाला बोलावणार? यूट्यूबला?

उभं पीक आहे, आभाळ भरून आलंय, अशा वेळी माणूस जोखीम घ्यायला घाबरतो, एवढं मान्य. पण आज काही कापणी नव्हती. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता.

पोरगा म्हणजे कोण, तर मागच्या हंगामात मी उंदराच्या घरट्याचा फोटो टाकला होता ना, त्यातलं घरटं ज्याने शोधलं तो. फोटोवर हसण्याचे इमोजी ढीगभर पडले, गोष्ट काय ते कुणी विचारलं नाही. आज ऐकाच.

हार्वेस्टर वावराच्या मधोमध उभं. स्लोला सगळं ठीक, रेस दिली की गाडी जागेवर. इंजिन कानठळ्या बसतील असं गरजतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य! गाडी पुढे सरकत नाही, हेडर, म्हणजे पुढचा कापणीचा भाग, चालू होत नाही, कोडची नुसती रांग लागलेली. आमच्या आधी एक साहेब लॅपटॉप लावून गेले होते. लॅपटॉप म्हणाला इंजिनचा कंट्रोलर बोलत नाही, म्हणून साहेबांनी कंट्रोलर बदलला. नवाकोरा. कोड तेच. मग म्हणाले, आता स्क्रीन बदलून बघू. तेव्हा कुठे मालकाला आमची आठवण झाली.

पोरानं काय केलं, तर आधी लॅपटॉप उघडलाच नाही. फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर पेनानं दोन रांगा मांडल्या. कोण बोलतंय, कोण गप्प आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजच्या मशीनमध्ये इंजिनचा कंट्रोलर वेगळा, गिअरचा वेगळा, हेडरचा वेगळा, स्क्रीन आणखी वेगळी. ही सगळी मंडळी दोनच वायरींवर एकमेकांशी बोलतात. बहुतेक मशीनमध्ये एक पिवळी, एक हिरवी, एकमेकींभोवती पिळलेल्या. कॅन लाइन म्हणतात तिला. प्रत्येक जण ठरावीक वेळाने आपली खबर देत राहतो. एकाची खबर थांबली की बाकीचे तक्रार नोंदवतात, आणि ती तक्रार म्हणजे तुमचा कोड. म्हणजे कोड दाखवणारा एक, बिघाड भलत्याच ठिकाणी. कोड वाचून पार्ट बदलणाऱ्याला हे कळलेलं नसतं. नाहीतर कळलेलं असतं, पण पार्ट विकायचा असतो. असो.

पुठ्ठ्यावर चित्र स्पष्ट होतं. गप्प होते ते सगळे मशीनच्या मागच्या अंगाचे. पोरगा पुठ्ठ्याकडे बघत बसला. मालक माझ्या कानाशी येऊन, "अहो, तुम्ही बघा ना! हा इथं चित्रं काय काढत बसलाय?" मला तोवर जागेचा अंदाज आला होता. मी खिशात हात घातले आणि म्हटलं, "बघतोय तो."

गप्प राहणं किती अवघड असतं ते ज्यानं कुणाला शिकवलंय त्यालाच कळेल. जीभ वळवळत असते. मालक तापलेला, ड्रायव्हर बांधावर बसून फुकटचे सल्ले देतोय, आणि उत्तर आपल्या ओठांवर. बोललो असतो तर मशीन अर्धा तास आधी चालू झालं असतं. आणि पोरगा? तो पुढच्या मशीनवरही माझ्याच तोंडाकडे बघत उभा राहिला असता.

आता आमच्या धंद्यातल्या लोकांवर येतो, कारण नुसतं गिऱ्हाइकावर खापर फोडणं बरोबर नाही. आम्ही उस्ताद लोक काय कमी आहोत? पोरगं आलं की वर्षानुवर्षं त्याच्याकडून पाने धुवून घ्यायचे, ग्रीस मारून घ्यायचं, आणि खरं काम आलं की "जा रे, तो तेरा-चौदा घेऊन ये" म्हणून दूर धाडायचं. विद्या हातची राखून ठेवायची. शिकला तर उद्या समोरच दुकान टाकेल ही भीती. टाकू दे की! मशीन काय कमी आहेत का?

आणि जे शिकवतात तेही जुनंच शिकवतात. याचा मला फार राग येतो, कारण यात जीव जातो. जुन्या पंपाच्या इंजिनला कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायला आपण चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट सैल करायचो. तेव्हाही ते काही सुरक्षित नव्हतं, पण सगळे करायचे. आजच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना पुरवणाऱ्या एकाच पाइपात, डिझेल १६०० ते २००० बारच्या दाबाने उभं असतं. तिथं नट सैल केला तर धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि माणूस म्हणतो काही झालं नाही. काही झालं नाही काय? आत डिझेल मांसात पसरलेलं असतं. तडक ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर बोट जातं, हात जातो. हायड्रॉलिक पाइपची बारीक गळती बोटानं चाचपणारे महाभाग अजून आहेत. बोटाऐवजी पुठ्ठा धरा पुठ्ठा! माझ्याकडे पोरगा येतो तेव्हा पहिल्या दिवशी त्याला पाना मिळत नाही, हे ऐकायला मिळतं.

तसंच ते टेस्ट लॅम्पचं. वायरीला सुई टोचायची, दिवा लागला की करंट आहे. सेन्सरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचाच नसतो, बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा सोसायला ती लाइन बनलेलीच नाही. आणि टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं, पुढच्या हंगामापर्यंत आतलं तांबं हिरवं पडून पीठ होतं. मग आणखी कुणीतरी येऊन सेन्सर बदलतो. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, मागून पिन घालून मीटरनं बघायचं, हे शिकवायला कितीसा वेळ लागतो?

सेन्सरवरून आठवलं. टेम्परेचर सेन्सरचा कोड आला, व्होल्टेज कमी. दहातले नऊ जण सरळ सेन्सर मागवतात. अरे बाबांनो, आधी कपलर काढून बघा. काढल्यावर कोड उलटून व्होल्टेज जास्त असा झाला, तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) ठणठणीत आहेत, सेन्सरच गेलाय. बदललाच नाही, तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय किंवा ईसीएममध्ये गडबड आहे, सेन्सर बिचारा निर्दोष. हे करायला लॅपटॉप लागतो? हात लागतो, आणि थोडं डोकं.

हार्वेस्टरकडे येतो. पोरानं बॅटरीचा कट-ऑफ बंद केला, केबिनमधल्या स्कॅनरच्या सॉकेटवर मीटर लावला, दोन कॅन वायरींमध्ये ओहम बघितला. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून लाइन धड असेल तर मीटरवर निम्मं, ६० यायला हवं. आलं ६०. मालक लगेच, "बघा, वायरिंग ओके आहे म्हणजे!" चांगले चांगले लोक इथं मीटर गुंडाळतात. पोरानं मीटर ड्रायव्हरच्या हातात दिला, म्हणाला, "दादा, आकडा बदलला की ओरडा," आणि स्वतः मागं जाऊन वायरिंगचा जुडगा हातभर हातभर हलवत निघाला. इंजिनच्या बाजूच्या पत्र्याआड हात गेला आणि केबिनमधून आवाज आला, "एकशेवीस! परत साठ! एकशेवीस!"

१२० म्हणजे एक टोक तुटलं, एकच रेझिस्टर दिसतोय. पत्रा खोलला. आत भुसा, चिंध्या, पिलांसकट संसार. पिवळी वायर कुरतडलेली, तांब्याचे दोन-तीन केस एकमेकांना टेकून होते. स्लोला टेकलेले राहायचे, रेस दिली की थरथरून सुटायचे. साहेबांनी नवा कंट्रोलर लावला होता तो या वायरीच्या पलीकडे!

मला काय आवडलं सांगू? वायर सापडल्यावर पोरगा नाचला नाही. जोड सोल्डर केला, श्रिंक ट्यूब चढवली, आणि दोन्ही वायरींना पहिल्यासारखा पीळ घातला. पिळाचं मी एकदाच बोललो होतो कधीतरी, पीळ गेला की बाहेरची खरखर लाइनमध्ये शिरते म्हणून. लक्षात ठेवलं होतं त्यानं. मग पिलं उचलून बांधाला नेऊन ठेवली. त्यावरही मालक ओरडला.

आणि तोच पोरगा आज "नको पाठवू"!

कंपन्यांबद्दल बोलायचं तर ते वेगळंच दुखणं. पार्ट बसवला तरी त्यांच्या सॉफ्टवेअरनं ओळख करून दिल्याशिवाय मशीन त्याला घरात घेत नाही, आणि ते सॉफ्टवेअर आम्हाला पूर्ण मिळत नाही. नव्या पोराला मी शिकवू कशावर, अर्ध्या चाव्यांवर? जगभर हीच बोंब आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२३ मध्ये शेतीच्या मशीनसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, १ जानेवारी २०२४ पासून लागूही झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, याच मुद्द्यावर जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीला कोर्टात खेचलं. म्हणजे एवढ्या मोठ्या शेतकऱ्यांनाही स्वतःच्या मशीनसाठी भांडावं लागतं. सगळंच उघडं केलं तर काही दिवटे धुराचं फिल्टर काढून टाकतील, पॉवर वाढवून गिअर फोडतील, हे कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. असे दिवटे मी पाहिलेत. पण म्हणून सगळ्यांना कुलूप?

आणि तरी सांगतो, उंदरानं खाल्लेली वायर कुठल्याच सॉफ्टवेअरनं दाखवली नसती. साहेबांकडे सगळ्या चाव्या होत्या ना!

पोरांचंही सगळं गोड नाही. मोबाइल सुटत नाही, कोड आला की आधी गुगल करतात, मग मशीनकडे बघतात. ओरडावं लागतं. पण एकदा मीटर हातात रुळला की तेच पोरगं तासभर डोकं खाली घालून वायरिंगचा नकाशा वाचत बसतं. आमच्या वेळी आम्ही नकाशा नाक मुरडून बाजूला ठेवायचो, वायरीमागं वायर ओढत बसायचो. यांना नकाशा वाचायची गोडी आहे, ती आपण घालवू नये.

इतकं लिहून राग जरा निवला. गिऱ्हाइकाला मघाशी परत फोन केला. म्हटलं, येतो मी, पण बाजूला खुर्ची टाकून बसणार, काम पोरगाच करणार, पटत असेल तर सांगा. बघू म्हणालेत. पोराला अजून सांगितलेलं नाही.

आता कामाचं. शेडच्या भिंतीवर मी मोठी फळी ठोकलीय. तिच्यावर भंगारातल्या मशीनचं पूर्ण वायरिंग मांडायचं, कंट्रोलर, सेन्सर, रिले, सगळं चालू हालतीत, आणि मागून स्विचनं मुद्दाम बिघाड टाकायचे. पोरं तिथं चुकू देत, तिथं जाळू देत. म्हणजे तुमच्या महागाच्या मशीनवर येतील तेव्हा तुमच्या छातीत धस्स व्हायला नको. तुमच्या शेडमध्ये जळालेलं, कापलेलं, बाद झालेलं वायरिंग पडलं असेल तर भंगारवाल्याला घालू नका, मला कळवा. ईसीएम मेलेला असला तरी चालेल, कपलर कामाला येतात. कॅन लाइनच्या टोकाचे रेझिस्टर तर हवेच आहेत. शिकायची इच्छा असलेला मुलगा किंवा मुलगी ओळखीत असेल तर तेही सांगा, मुलींनी बिचकू नये, वायरिंगला ताकद लागत नाही.

आणि हो, कपलर काढताना वायरी कटरनं छाटू नका. लॉक उचललं की निघतो. मागच्या वेळी एकानं पोतंभर आणून दिलं, सगळ्या कपलरना बोटभरसुद्धा वायर ठेवली नव्हती.