येशूला ‘ज्यूंनी’ मारलं नाही

काल शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी शेजारच्या मावशी दारात आल्या. ही त्यांची शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंतच्या विसाव्याच्या दिवसाच्या, तयारीची वेळ; एरवी या वेळेला त्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, माहेर अलिबागकडचं, लग्न होऊन ठाण्यात आल्या त्याला पन्नास वर्षं होतील. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यांनी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “आम्ही मारलं का गं येशूला?”

तो मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. त्यात पाच दावे आहेत. येशूने ज्यू धर्म नाकारून नवा धर्म काढला. म्हणून ज्यूंनी त्याला मारलं आणि त्याचा शाप ते आजवर भोगताहेत. ‘ख्रिस्त’ हा शब्द ‘कृष्ण’वरून आला. बायबलमध्ये काय असावं हे 325 साली रोमन सम्राटाने मतदान घेऊन ठरवलं. आणि हे सगळं सिद्ध करणाऱ्या मृत समुद्राच्या गुंडाळ्या, म्हणजे त्या समुद्राजवळच्या गुहांत सापडलेली प्राचीन ज्यू हस्तलिखितं, व्हॅटिकनने दडवून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण मावशी त्याच्यामुळे दारात आल्या.

वधस्तंभावर खिळणं ही रोमन शिक्षा. ती दिली पंतय पिलाताने. हा इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासच्या ज्यू प्रदेशाचा, रोमन सुभेदार होता. त्याच्या नावाचा शिलालेख 1961 साली कैसरियात सापडला. येशूच्या डोक्यावर जी पाटी लावली होती तिच्यावर ‘यहुद्यांचा (ज्यूंचा) राजा’ असं होतं. म्हणजे आरोप राजद्रोहाचा, आणि राज्य रोमचं. रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती आणि ज्यू दोघांचाही तिटकारा होता, तोसुद्धा लिहितो की पिलाताने त्याला देहदंड दिला. ज्यूंचं नाव तो त्यात घेत नाही.

आणि या शिक्षेत मरणारे कोण होते? हेरोद राजा मेल्यावर उठाव झाला तेव्हा रोमन सेनापतीने सुमारे 2000 ज्यूंना असंच खिळलं. 1968 मध्ये जेरुसलेममध्ये एका कबरीत दगडी अस्थिपेटी मिळाली. पेटीवर नाव यहोहानान, आत टाचेचं हाड, आणि हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा. टोक वाकलेलं, म्हणून तो तसाच अडकून राहिलेला. हा माणूस ज्यू होता. येशूही ज्यू होता.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, जिवावर येत असलं तरी. मंदिराचा प्रमुख याजक कयफा आणि त्याच्या भोवतीची मंडळी यांनी येशूला पिलाताच्या हाती दिलं, असं शुभवर्तमानं (बायबलमधली येशूची चरित्रं) सांगतात आणि बरेच इतिहासकारही ते मानतात. पण प्रमुख याजक त्या काळी रोमच्या नेमणुकीवर बसायचा आणि रोमच्या मर्जीवर टिकायचा. वल्हांडण या ज्यूंच्या मोठ्या सणाच्या गर्दीत दंगल होऊ नये ही त्याची जबाबदारी. त्या मूठभर माणसांच्या कृतीला ‘ज्यूंनी मारलं’ म्हणणं कुठल्या हिशेबाने? त्या वेळचे बहुसंख्य ज्यू तर यहूदियाच्या बाहेर, अलेक्झांड्रियात, रोममध्ये, बाबिलोनकडे राहत होते. त्यांनी येशूचं नावही ऐकलेलं नव्हतं.

माझा सगळ्यात मोठा भरवसा मात्र योसेफसच्या एका उताऱ्यावर आहे. योसेफस हा जेरुसलेमच्या याजक घराण्यातला ज्यू इतिहासकार, जन्म इ.स. 37. त्याच्या ग्रंथात येशूबद्दल एक लांब परिच्छेद आहे. त्यात पुढे कुणीतरी हात घातलाय, म्हणून तो मी बाजूला ठेवते. विसाव्या भागातला उतारा वेगळा. इ.स. 62. एक रोमन सुभेदार मेलाय, दुसरा अजून वाटेत आहे. ही संधी साधून हनान नावाचा प्रमुख याजक येशूचा भाऊ याकोब याच्यावर आणि आणखी काही जणांवर खटला भरतो आणि त्यांना दगडमार करवतो. मग शहरातले नियमशास्त्राबाबत काटेकोर म्हणून ओळखले जाणारे लोक संतापतात. ते राजा अग्रिप्पाकडे गुपचूप तक्रार करतात, काही जण तर येणाऱ्या सुभेदाराला वाटेतच गाठतात. हनानचं पद जातं, अवघ्या तीन महिन्यांत.

हे नीट वाचा. येशूनंतर तीसेक वर्षांनी त्याचा भाऊ जेरुसलेममध्येच राहत होता, आणि त्याच्यावर अन्याय झाला म्हणून धर्माचं काटेकोर पालन करणारे ज्यू सत्तेशी भिडले. ‘ज्यू विरुद्ध येशूचे लोक’ अशी सरळ रेघ तेव्हा नव्हतीच.

मग ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर’ हे पिलातापुढच्या जमावाच्या तोंडचं वाक्य? ते फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि मत्तय लिहिला गेला तो इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळल्यानंतर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते येशूला मानणारे ज्यू आणि न मानणारे ज्यू यांचं, एकाच घरातलं भांडण होतं. पुढे ते वाचणारे ज्यू राहिले नाहीत, आणि त्या एका ओळीच्या जिवावर युरोपात शतकानुशतकं माणसं मारली गेली. 28 ऑक्टोबर 1965 ला खुद्द कॅथलिक चर्चने व्हॅटिकनच्या परिषदेत जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच. चर्चने जे सोडून दिलं ते आपण ठाण्यातल्या ग्रुपवर का पसरवतोय?

आता पहिला दावा. येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला लोक हात लावायचे असं मार्क लिहितो. ते गोंडे म्हणजे मोशेच्या आज्ञेप्रमाणे लावलेले, मावशींच्या यजमानांच्या प्रार्थनेच्या शालीला आहेत तसेच. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती विचारल्यावर तो ‘हे इस्राएला, ऐक’ हेच म्हणतो. मावशी रोज म्हणतात तेच. शब्बाथला बरं करावं की नाही हा वाद परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा ज्यू पंथ, आपापसातही घालत होते, आणि जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो हे मिश्ना या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) नियमसंग्रहातच लिहिलंय. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने नवा धर्म काढला असंही काही जण म्हणतात. पण पौल स्वतःला बन्यामीन वंशातला इस्राएली म्हणवतो, आणि त्याच्या पत्रांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द एकदाही येत नाही.

‘ख्रिस्त’ आणि ‘कृष्ण’ यांचा संबंध नाही. ख्रिस्तोस हा ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा ग्रीक अनुवाद, अर्थ तेलाने अभिषेक केलेला. यशया या ज्यू संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ग्रीक अनुवादात इराणचा राजा कुरुश यालाही हेच विशेषण लावलंय. कृष्ण म्हणजे सावळा.

325 साली नायसियात सम्राटाने बोलावलेल्या धर्मपरिषदेत भांडण झालं ते येशू पित्याच्या बरोबरीचा नाही या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून आणि ईस्टरच्या तारखेवरून. परिषदेचे 20 नियम उपलब्ध आहेत, बायबलच्या ग्रंथांवर एकही नाही. नव्या करारातल्या 27 पुस्तकांची आजची यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 च्या पत्रात.

गुंडाळ्यांबद्दल इतकंच खरं की काही मोजक्या अभ्यासकांनी त्यांचं बरंच साहित्य वर्षानुवर्षं अडवून ठेवलं. 1991 मध्ये ते खुलं झालं. महत्त्वाच्या गुंडाळ्या जेरुसलेमच्या संग्रहालयात आहेत, छायाचित्रं इंटरनेटवर आहेत. त्यांत येशूचं नाव नाही. मात्र एका तुकड्यात जखमी बरे होतील, मेलेले उठतील, गरिबांना शुभवार्ता मिळेल असं म्हटलंय. शुभवर्तमानातला येशू जवळपास हेच बोलतो. ही आशा आधीपासून ज्यूंचीच होती.

मागच्या वर्षी मावशींच्या नातवाच्या मलिद्याला, म्हणजे बेने इस्रायलींच्या आभाराच्या विधीला, आपण सगळे गेलो होतो. पोहे, खोबरं, साखर, फळं असं ताट भरलं होतं आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतलं होतं. मार्कच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभावरून मोठ्याने ओरडतो तेव्हा जवळ उभे असलेले म्हणतात, ऐका, हा एलियाला हाक मारतोय. तोच हा एलिया.

हे मी त्याच ग्रुपवर टाकते आहे. ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांनी तो आज काढावा आणि मावशींच्या घरी जाऊन त्यांची माफी मागावी. शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबा, शब्बाथ संपल्यावर जा.