सूज खरी, म्हणून कोलेस्टेरॉल खोटं?

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज उगवतो: 'कोलेस्टेरॉलचा हार्ट ॲटॅकशी संबंध नाही, खरं कारण सूज. अमेरिकेनं २०१५ सालीच कबूल केलंय. गोळ्या बंद करा, हळद घ्या.' या वेळी तो वाचून खालच्या मजल्यावरच्या काकांनी, दोन स्टेंट बसवलेल्या माणसानं, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची पट्टी फ्रिजवरून उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणून हे लिहायला बसलो.

सुजेचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या दाहाचा, मुद्दा हवेतला नाही. २०१७ साली बोस्टनच्या पॉल रिडकर यांच्या 'कॅन्टोस' चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. सगळ्यांना आधी झटका येऊन गेलेला, रक्तात सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. त्यांना दिलेलं कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन एलडीएलला, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलला, हातही लावत नाही, फक्त सूज उतरवतं. तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. मेसेज लिहिणारे इथवरच वाचतात. पण त्या रुग्णांपैकी दहातले नऊ जण आधीपासून स्टॅटिन घेत होते! म्हणजे सुजेचा हा पुरावाच कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्या माणसांकडून आलाय. शिवाय इंजेक्शन घेणाऱ्यांत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, आणि एकूण मृत्यू काही घटले नाहीत.

बरं, सूज उतरवणारं काहीही घेतलं की झालं, असंही नाही. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत देऊन पाहिलं, झटके कमी झाले नाहीत. गाउट या सांधेदुखीवरची जुनी कोल्चिसिन २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत उपयोगी ठरली, पण २०२४ मध्ये झटका आलेल्या ७,००० रुग्णांत तिचा फायदा दिसला नाही. हळदीनं झटके घटल्याचं तर एकाही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही.

आता कोलेस्टेरॉल 'निर्दोष' असल्याबद्दल. काही मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही एलडीएल साचवणारा जनुकदोष मिळतो. सिगारेट नाही, मधुमेह नाही, ऑफिसचं टेन्शन नाही. तरी उपचार झाले नाहीत तर शाळेच्या वयात त्यांना झटका येऊ शकतो. उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांत एका जनुकबदलामुळे एलडीएल जन्मापासून २८ टक्के कमी असतं. २००६ च्या अभ्यासात त्यांच्यात हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी निघाला.

राहिलं ते २०१५ चं 'कबूल'. अमेरिकेनं काढून टाकली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलवरची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. अंड्याच्या बलकाची गोष्ट ती. रक्तातल्या एलडीएलला कुणी माफी दिलेली नाही.

काकांनी सीआरपीही करून घेतली होती. आली १४, आणि घर घाबरलं. विचारल्यावर कळलं, चार दिवसांपूर्वी दाढ काढली होती. दहाच्या वर आकडा आला की आधी दुसरीकडे कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का ते बघतात, आणि दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. काकांची पुढच्या सोमवारी आहे. पट्टी मात्र कालच फ्रिजवर परत आली.