परिणाम दिसत नाही म्हणता, पण बघता कुठे?

नागपुरात फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. हिवाळी अधिवेशन लागलं आणि मोर्चांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते अडले, की त्यावर दरवर्षी एक मेसेज फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, माल तोच. देशात ३१ लाख एनजीओ आहेत, म्हणजे दर ४०० माणसांमागे एक. शाळेला, दवाखान्याला पैसा दिला तर निदान इमारत दिसते. ‘सुशासन’, ‘लोकसहभाग’, ‘ग्रामसभा सक्षमीकरण’ यांना दिलेलं अनुदान पगारात आणि कार्यशाळेच्या जेवणात जिरतं. त्याचा परिणाम मोजताच येत नाही. तेव्हा अनुदानं बंद करा, नाहीतर वर्षाच्या आत निकाल मागा. यंदा हा मेसेज बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी टाकला आणि खाली मला विचारलं, "मॅडम, तुमचं तर हेच काम आहे न जी? सांगा मग."

माझं हेच काम आहे. संस्थांना दिलेल्या अनुदानाचं पुढे काय झालं, ते बघायला मी नागपूरहून गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट असं फिरते, पैसे देणाऱ्याच्या वतीनं. संस्थांची वकिली करायचं मला काही कारण नाही. माझ्या अहवालांमुळे दोन ठिकाणची अनुदानं थांबली आहेत आणि तिथले लोक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तरीही हा मेसेज चुकीचा आहे, आणि का ते ग्रुपवर चार ओळींत सांगता येण्यासारखं नाही.

आधी तो ३१ लाखांचा आकडा. तो कुणी हवेतून काढलेला नाही. सीबीआयनं २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जवळपास हाच आकडा दिला होता. पण तो नोंदणीचा आहे. कधीकाळी ज्यांचं नाव कागदावर चढलं ते सगळे त्यात आले: शिक्षण संस्था, वाचनालयं, क्रीडा मंडळं, गणेश मंडळं, समाजाची वधू-वर मंडळं. नोंदणी एकदाच होते. ती रद्द करायला ऑफिसात खेटे कोण घालणार? म्हणून मेलेली संस्थाही यादीत जिवंत राहते. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं त्याआधी पत्ते हातात घेऊन फिरली होती, तेव्हा जागेवर सापडलेल्या संस्था सात लाखांच्या आसपास होत्या. परदेशी निधी घ्यायची परवानगी तर वीस हजारांहूनही कमी संस्थांकडे आहे. त्यातून शाळा, वसतिगृहं, दवाखाने वजा केले की ग्रामसभा, रेशन, वनहक्क, माहिती अधिकार यांवर काम करणाऱ्या फार थोड्या उरतात. ‘दर ४०० माणसांमागे एक’ म्हणणं म्हणजे मतदारयादीतले मयत धरून मतदानाची टक्केवारी काढण्यासारखं आहे.

इमारत दिसते, रस्ता दिसतो, हेही खरं. पण सिमेंट रस्त्याबद्दल नागपूरकरांना मी काय सांगावं? रस्ता बांधला हे काम झालं. तो घराच्या जोत्यापेक्षा वर गेला आणि पावसाचं पाणी हॉलमध्ये आलं, तर तो परिणाम. दोन्ही एकाच बिलात बसत नाहीत, आणि दुसरा तपासायची आपल्याकडे पद्धतही नाही.

आता खरा मुद्दा: मोजताच येत नाही.

मोजता येतं. पण त्यासाठी संस्थेचा अहवाल उघडून उपयोग नाही. त्यात काय असतं ते मला पाठ आहे. इतक्या कार्यशाळा, इतके सहभागी, त्यात महिला इतक्या, शेवटी बॅनरसमोरचा फोटो. ही संस्थेनं काय केलं त्याची यादी झाली. त्यानं काय घडलं, याची खूण दुसऱ्याच कुणाच्या रजिस्टरात उमटते. ग्रामसेवकाच्या, तलाठ्याच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्याच्या, वनविभागाच्या.

ग्रामसभेचंच घ्या. वर्षाला किमान चार सभा व्हाव्यात असा कायदा आहे. कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जे कमी ते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि गंमत म्हणजे तहकूब सभेला कोरमची अटच नाही. ही वाट प्रत्येक सरपंचाला आणि ग्रामसेवकाला तोंडपाठ असते. म्हणून मी गावात गेले की आधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या कामकाजाची वही मागते, संस्था येण्याआधीच्या तीन वर्षांचं आणि नंतरच्या दोन वर्षांचं. किती सभा तहकूब करून उरकल्या? बायकांच्या सह्या किती, आणि त्या एकाच पेननं, एकाच वळणात तर नाहीत? मागच्या ठरावांचं काय झालं याची नोंद होते का? वरून आलेल्या पत्रांशिवाय गावातल्या कुणाचा एखादा विषय पटलावर आला का? घरकुलाच्या यादीत सभेत एखादं नाव खोडलं गेलं, एखादं वाढलं, असं कधी झालं का? यातलं एकही उत्तर संस्थेनं लिहिलेलं नसतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. दोन माणसं आणि तीन आठवडे एवढाच काय तो खर्च.

कधीकधी रजिस्टराआधी माणूसच बोलतो. एका गावातला ग्रामसेवक माझ्यावर उखडलाच होता. "पैले घरोघरी जाऊन सह्या घेत होतो मॅडम. आता लोकं म्हनतात, सभेतच लिहा अन् वाचून दाखवा. डोक्शाले ताप हाये नुसता." मी हे शब्द जसेच्या तसे अहवालात घातले. त्या संस्थेच्या कामाचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला मिळालं नसतं.

यात फसायलाही होतं, मीही फसले आहे. सुरुवातीच्या काळात एका गावात सभेची हजेरी दुप्पट झालेली बघून मी संस्थेला भरभरून गुण दिले. पुढे कळलं की त्या दिवशी घरकुलाची यादी वाचली जाणार होती. संस्था कधीच न गेलेल्या शेजारच्या गावातही तेवढीच गर्दी लोटली होती. मी शेजारी डोकावलेच नव्हते.

शेजारी डोकावण्याची ही सवय विदर्भानं जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत काम झालं आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली गेली. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती ४७ गावं नसती तर ‘सगळीकडेच सुधारणा होत होती’ म्हणून कुणीही हात झटकले असते. विषय आरोग्याचा आहे हे मान्य, पण रीत तीच.

आणि ही रीत कारभाराच्या कामालाही लावून झालेली आहे. तिची उत्तरं नेहमी गोड आलेली नाहीत, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं तर त्याला आनंदच झाला असता. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात शिक्षणावर काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेबरोबर एक अभ्यास झाला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. काही गावांत सभा घेऊन लोकांना ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत मुलांना वाचता येतं की नाही ते गावकऱ्यांनाच तपासायला शिकवलं. दोन्हींचा शाळेवर फरक पडला नाही. फरक पडला तो गावातल्याच तरुणांनी वाचनाचे वर्ग घेतले तिथे. समितीच्या कित्येक सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं! इंडोनेशियात अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ६०० हून अधिक गावरस्त्यांवर असंच तपासलं (२००७). सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं सांगितल्यावर गायब होणारा पैसा सुमारे ८ टक्के अंकांनी घटला. नुसत्या लोकसहभागानं फारसं काही झालं नाही.

म्हणजे ‘जनजागृती’ नावाच्या कार्यशाळांवरचा पैसा बऱ्याचदा वाया जातो, हे काकांचं म्हणणं बरोबर निघालं. पण ते बरोबर आहे हे आपल्याला कळलं कसं? मोजलं म्हणून. मोजताच येत नसतं तर हेही कळलं नसतं.

ग्रुपवर आणखी एकानं टोमणा मारला: खऱ्या कामाला अनुदान लागतच नाही. काही ठिकाणी लागत नाही. राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना १९९० पासून संस्थात्मक अनुदान न घेता काम करते, आणि माहिती अधिकाराच्या चळवळीत तिचा वाटा केवढा मोठा आहे हे जगजाहीर आहे. पण १९९४ पासूनच्या तिच्या जनसुनवायांत काय होत होतं ते बघा. कामाचं हजेरीपत्रक आणि बिलं मिळवायची आणि गावासमोर मोठ्यानं वाचायची. पुन्हा दुसऱ्याचंच रजिस्टर. सगळीकडे अशी माणसं नसतात. जिथे नसतात तिथे कुणाला तरी पगार द्यावा लागतो.

तेव्हा पगाराचंही बोलूनच टाकू. विहीर बांधायची तर सिमेंटचं बिल लागतं. ग्रामसभेला हिशेब वाचायला शिकवायचं तर मोटारसायकलवर फिरणारा कार्यकर्ता लागतो, आणि त्याचा पगार हेच त्या कामाचं सिमेंट. बांधकामाच्या नजरेनं हिशेब बघणाऱ्याला तो प्रशासकीय खर्च वाटतो. परदेशी निधीच्या कायद्यानं २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्यानं त्यांना समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चात, ती ५ टक्के आहे. हा खर्च कशावर चालतो ते सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, क्रीडा असं बरंच आहे, ग्रामसभेचं नाव नाही. मग संस्था काय करते? कार्यकर्त्याचा पगार ‘प्रशिक्षण साहित्य’ नाहीतर ‘प्रवास’ या खात्यांत वाटून टाकते. हे मी कागदोपत्री पकडलेलं आहे, शेराही मारला आहे, आणि मारताना बरं वाटलं नाही.

राहिला वर्षाच्या आत निकाल. गडचिरोलीतलं धानोऱ्याकडचं मेंढा (लेखा) हे गाव आपल्या इकडे सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. मेंढा अनुदानाचं यश आहे असं मी म्हणत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीनं गावानं १९८० च्या दशकापासून अभ्यासगट चालवले, त्यावर ते उभं आहे. मला त्यातली फक्त कालरेषा हवी आहे. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक, म्हणजे अख्ख्या गावाचा वनहक्क मिळाला २००९ मध्ये. हक्क हातात आला, पण बांबू बाहेर न्यायचा परवाना वनविभाग देईना, कारण त्यांच्या लेखी बांबू म्हणजे झाड आणि वनहक्क कायद्याच्या लेखी गौण वनोपज. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. आता कल्पना करा, मी २०१० च्या उन्हाळ्यात तिथे मूल्यमापनाला गेले असते. बांबू विक्री: शून्य. ग्रामसभेचं उत्पन्न: शून्य. शेरा: परिणाम आढळला नाही. एक उन्हाळा पुढे सगळं चित्र पालटलं असतं. त्यानंतर एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक सामूहिक वनहक्क मान्य झाले.

कंपन्यांच्या नियमांनाही हे कळतं. ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं, असं २०२१ मध्ये ठरलं. तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. संपून, सुरू होऊन नव्हे. काकांनी मागितलेल्या मुदतीत त्या नियमानुसार तपासणी सुरूसुद्धा होत नाही.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी एक तक्रार मीच करते. मूल्यमापनाचा खर्च बहुतेक वेळा अनुदानाच्या शेवटच्या तिमाहीत उरलेल्या पैशातून काढतात. संस्था येण्याआधी गाव कसं होतं हे तोवर कुणाला सांगता येत नाही. प्रोसिडिंग बुक असतं म्हणून आमचं निभावतं. शहरातल्या कामांचं तेवढंही नसतं. वस्तीतल्या घरांच्या जागेच्या पट्ट्यांवर किंवा पाण्याच्या तक्रारींवर काम करणाऱ्या संस्थेचं खरं फळ तपासायचं, तर तक्रार किती दिवसांत निकाली निघाली याची नोंद लागते. ती मागितली की खिडकीवरचा माणूस ‘सिस्टीममध्ये आहे’ म्हणतो आणि पुढच्या टोकनचा नंबर पुकारतो.

हे सगळं मी काकांना तुकड्यातुकड्यांनी पाठवलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग त्यांनी विचारलं, प्रोसिडिंग बुक कुणालाही बघता येतं का? येतं, म्हटलं, नाहीच दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्यांचं गाव उमरेडकडे, मतदारयादीत नाव अजून तिथेच. २६ जानेवारीला ते ग्रामसभेला जाऊन येणार आहेत. सभा वेळेवर सुरू होते की तहकूब होते, आणि तहकूब झाली तर सह्या कुठे बसून होतात, तेवढं बघून या, असं मी त्यांना सांगितलंय.